शेवंतीचा उपास

नामा घरत माणूस सोन्यासारखा, पण त्याच्यासमोर ‘भूक नाही’ म्हणायची सोय नाही. नागावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या दारावरून जायचं तर पोट रिकामं ठेवून जावं, नाहीतर मागच्या गल्लीने जावं. पोस्टमन मागच्या गल्लीने जातो. एकदा पलीकडच्या आळीतला एकजण लग्नाची पत्रिका द्यायला आला. त्याने घावन खाल्ले, चहा घेतला, पांढऱ्या कांद्याची माळ गळ्यात पडल्यासारखी हातात पडली, ती घेऊन घरी गेला आणि पत्रिका त्याच्या खिशातच राहिली. नामा त्या लग्नाला गेला नाही, आणि आपल्याला बोलावलं नाही म्हणून वर्षभर त्या माणसाशी बोललाही नाही.

हा स्वभाव नाही, आजार आहे, असं त्याची बायको ठमाबाई म्हणते. तिला तसं म्हणायचा हक्क आहे, कारण भाकऱ्या तिलाच थापाव्या लागतात. उपास या गोष्टीशी तर नामाचं उभं वैर. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, सगळे ठमाबाईने करायचे आणि तिच्या ताटाशेजारी बसून याने सुकट-भाकरी खायची, असा त्यांचा संसार चालला. देवाने पोट रिकामं ठेवायला दिलं असतं तर त्याला तोंड जोडलं नसतं, हे त्याचं म्हणणं, आणि ते तो देवळाच्या पायरीवर बसूनही बोलून दाखवतो.

पूर्वी नामाची किनाऱ्यावर घोडागाडी होती. चांदणी नावाची घोडी होती. पर्यटकांनी गाडीत बसावं आणि समुद्राच्या कडेने एक फेरी मारावी, असा धंदा. पण चांदणीला नामा एवढा चारायचा की ती पुढेपुढे गाडी ओढण्यापेक्षा गाडीकडे बघत उभी राहणं पसंत करू लागली. पट्टे दोनदा वाढवून घ्यावे लागले. मग किनाऱ्यावर पाण्यातल्या मोटारी आल्या, केळ्याच्या आकाराच्या रबरी होड्या आल्या, आणि घोडागाडीत बसणारं गिऱ्हाईक आटलं. चांदणी म्हातारी होऊन गेली. ‘भरल्या पोटी गेली,’ एवढंच नामा तिच्याबद्दल सांगतो, आणि ते सांगताना अजूनही दुसरीकडे बघतो.

त्यानंतर त्याला सशांच्या कंपनीत काम लागलं. सशांची कंपनी हे गावाने ठेवलेलं नाव. नारळाच्या वाडीत, दोन होमस्टेंच्या मधोमध एक बैठी पांढरी इमारत आहे, ती खरं म्हणजे प्रयोगशाळा. चालवते डॉक्टर मानसी तांबे. मानसी चौलची, शाळामास्तरांची मुलगी. पुण्याला शिकली, काही वर्षं परदेशात काढली आणि इकडे परत येऊन हा उद्योग मांडला. सशांची देखभाल करायला माणूस हवा होता, तेव्हा नामा जाऊन उभा राहिला.

“ससे पाळलेत का कधी?” तिने विचारलं.

“ससं न्हाय पालले. घोरी पालली हाय,” नामा म्हणाला. “कान तं दोघांचं बी उबंच.”

मानसीने त्याच्या हातात एक ससा दिला. तो ससा तोवर सगळ्यांना ओरबाडून झाला होता. नामाच्या कोपराशी त्याने नाक खुपसलं आणि डोळे मिटले. मुलाखत तिथेच संपली. अंगात पांढरा एप्रन, डोक्याला टोपी, पायात रबरी बूट असा नामा दुसऱ्या दिवसापासून वाडीत फिरू लागला. होमस्टेमधले पाहुणे त्याला डॉक्टरसाहेब म्हणू लागले, आणि त्यानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

आता ही कंपनी करते काय, हे गावाला समजावताना नामाच्या नाकी नऊ यायचे. शेवटी मानसीनेच एकदा चहा पिताना त्याला नीट सांगितलं.

“काका, पावसात होड्या बंद असतात. ताजी मासळी नाही. तेव्हा ठमाकाकू काय करतात?”

“माल्यावरचा सुका काडतं. बोंबील, जवला.”

“आणि ते खाता खाता माळाही साफ होतो. जुनं, खवट झालेलं असेल ते निघतं. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी असंच करते. बाहेरून खाणं आलं नाही, की स्वतःच्या आतलं जुनं, मोडकं सामान ती एका पिशवीत भरते, जिरवते आणि त्यावर दिवस काढते. याला ऑटोफॅजी म्हणतात. स्वतःलाच खाणं.”

नामाने थोडा विचार केला. “मंग ससा रोज पायटे तेच करतो की. सोताची लेंडी सोताच खातो.”

मानसी एवढी हसली की तिला कप खाली ठेवावा लागला. ससा पहाटे आपली मऊ लेंडी खातो हे अगदी खरं होतं, फक्त ऑटोफॅजीशी त्याचा संबंध नव्हता. मग तिने पुढचं सांगितलं. त्या पिशव्यांवर एक प्रथिन चिकटलेलं असतं, एलसी-थ्री नावाचं. ते किती आहे ते बघितलं की पेशीची साफसफाई चालू आहे की तुंबली आहे, याचा अंदाज येतो. कर्करोगात, म्हातारपणच्या विसराळूपणात ही साफसफाई बिघडते म्हणतात, म्हणून शास्त्रज्ञांना ते बघायचं असतं. पण पेशीत प्रथिनं हजारो. त्यातलं हे एकच नेमकं धरणारं काहीतरी हवं. ते म्हणजे अँटिबॉडी.

“म्हंजे रेवदंड्याच्या बाजारात एवढ्या मानसांतशी मी माजा मेवना बरोबर हुरकतो, तसा,” नामा म्हणाला. मेव्हणा त्याला टाळतो, कारण भेटला की जेवल्याशिवाय सुटका नसते.

तर अशी ही अँटिबॉडी ससा बनवतो. त्या प्रथिनाचा बारीकसा तुकडा सशाला टोचायचा. सशाच्या शरीराला तो परका वाटतो आणि ते त्याला धरणाऱ्या अँटिबॉडी तयार करतं. काही महिन्यांनी सशाच्या कानाला बधिर करणारं मलम लावायचं, शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं. वर जे पिवळसर, निवळ पाणी राहतं ते सिरम. त्यात अँटिबॉडी असतात. त्या गाळून वेगळ्या काढायच्या, बारीक बाटल्यांत भरायच्या आणि बर्फाच्या पेटीतून मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांना पाठवायच्या. नामा गावात हे सगळं सांगतो तेव्हा शेवटी ‘आपल्या नागावची अँटिबॉडी’ असं म्हणतो, जशी काही ती वाडीत झाडावर लागते.

लॅबमध्ये तिसरा माणूस ऋत्विक. पनवेलचा, व्यायामाने कमावलेला तरुण, हाताने अतिशय नेटका. चाचण्या सगळ्या त्याच्याकडे. त्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला होता, की उपाशी राहिलं की शरीरात ऑटोफॅजी सुरू होते आणि माणूस चिरतरुण राहतो. म्हणून तो दुपारपर्यंत पाण्यावर असायचा. मानसी त्याला म्हणायची, “तुझ्या पेशींत काय चाललंय ते मी मोजलेलं नाही, ऋत्विक, आणि तूही मोजलेलं नाहीस.” नामा फक्त ओट्यावर झाकलेली ताटली ठेवून जायचा. कधी घावन, कधी पातोळे. ऋत्विक सकाळी ताटलीकडे पाठ करून बसायचा, मग हळूहळू त्याची खुर्ची फिरायची आणि ताटली रिकामी व्हायची.

सशांना लॅबमध्ये आकडे असतात. नामाने सगळ्यांना नावं ठेवली होती. एलसी-थ्रीचा तुकडा ज्यांना टोचला होता त्यांतली एक शेवंती. पांढरीशुभ्र, गुलाबी कानांची, आणि स्वभावाने एवढी आगाऊ की पिंजऱ्याचं दार उघडलं की आधी नामाच्या खिशात तोंड घालायची. बाकीच्या सशांच्या रक्तात अँटिबॉडी जेमतेम होती. शेवंतीची मात्र अव्वल. ऋत्विकने तिच्या थेंबभर सिरमने चाचणी केली त्या दिवशी मानसीने नामालाही आत बोलावून दाखवली. काही पेशींना भरपूर खाऊ घातला होता, काहींना उपाशी ठेवलं होतं. दोन्हीकडची प्रथिनं पडद्यासारख्या पातळ कागदावर पसरून त्यांवर शेवंतीची अँटिबॉडी सोडली होती. भरल्या पोटाच्या रांगेत खालची, म्हणजे पिशव्यांना चिकटलेल्या एलसी-थ्रीची, रेघ फिकट होती. उपाशी रांगेत तीच रेघ काळी ठसठशीत.

“बघा काका, उपाशी पेशीत पिशव्या वाढल्या, आणि आपल्या अँटिबॉडीने त्या बरोबर पकडल्या.”

नामाला त्या रेघा पाठीवर उठलेल्या वळांसारख्या दिसल्या. “उपाशी ठेवला तं केवढा वल उठला,” तो हळहळला. “पन मागशी जेवाला घातला ना त्यांना?”

पेशी तर चाचणीसाठी फोडून टाकलेल्या. मानसीने ऋत्विककडे बघितलं, ऋत्विकने मानसीकडे, आणि दोघांनीही “हो, हो” म्हटलं.

मुंबईचा एक कर्करोगावर काम करणारा गट या अँटिबॉडीसाठी डोळे लावून बसला होता. शेवंतीचं एकदा पुरेसं रक्त घेतलं की त्यांचं काम भागणार होतं, आणि मग शेवंतीला रीतसर सुट्टी मिळून ती कुणाच्यातरी घरी राहायला जाणार होती. रक्त घ्यायची तारीख ठरली ती नेमकी नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. रक्त घ्यायच्या आधी ससा उपाशी लागतो. पोटात खाणं असलं की त्यातली चरबी रक्तात उतरते, सिरम गढूळ होतं आणि अँटिबॉडी गाळायची नळी तुंबते. मानसीने नामाला बजावलं, “संध्याकाळपासून शेवंतीला खाणं नाही. फक्त पाणी.” पिंजऱ्याला लाल चिठ्ठीही अडकवली.

नामाला वाईट वाटलं, पण हुकूम म्हणजे हुकूम. संध्याकाळी त्याने शेवंतीच्या पिंजऱ्यातलं खाद्य काढलं, गवत काढलं, खाली पडलेली काडीन्‌काडी झाडून घेतली. मग समुद्रावर जाऊन गावाबरोबर दर्याला नारळ वाहिला, घरी येऊन नारळी भात जेवला, आणि ठमाबाईने फोडून ठेवलेला दुसरा नारळ घेऊन पुन्हा लॅबकडे निघाला. नारळी पुनवेला घरातलं जनावर नारळावाचून राहत नाही, ही त्याच्या बापाची रीत. चांदणी होती तेव्हा पहिला तुकडा तिचा असायचा. त्याने सगळ्या सशांना चिमूट चिमूट ओलं खोबरं वाटलं. शेवंतीला वाटीभर दिलं, कारण उद्या रक्त तिचं जाणार होतं.

आणि यात आपण हुकूम मोडतोय असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. प्रसाद हे काय खाणं असतं? ठमाबाईचा कडकडीत सोमवार असला तरी देवळातला खोबऱ्याचा तुकडा ती तोंडात टाकते, आणि तिचा उपास आजवर मोडलेला नाही. प्रसादाला नाही म्हणत नाहीत, आणि प्रसाद मोजतही नाहीत. इकडे मानसीचं घर बौद्ध. आजोबांच्या काळापासून तिच्या घरी ना उपास ना नारळ-प्रसाद. खाणं नाही म्हणजे काहीच नाही, यापलीकडे आणखी काही सांगावं लागतं हे तिला सुचणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामाने शेवंतीला धरलं, मानसीने कानातून रक्त घेतलं, सगळं कसं झकास झालं. रक्त गोठलं, यंत्रात गरगर फिरवलं, आणि ऋत्विकने नळी बाहेर काढली. वर पिवळसर निवळ पाणी असायला हवं होतं. होतं ते पांढरं, दाट, दुधाळ.

“मॅडम,” ऋत्विक म्हणाला, “सोलकढी.”

मानसी हसली नाही. तिने नळी उजेडात धरली, आडवी केली, पुन्हा उभी केली. जनावर रात्रभर उपाशी आणि रक्तात एवढी चरबी, याचा अर्थ तिला एकच दिसत होता. यकृत गेलं असणार. कदाचित काही संसर्गही असेल, आणि तसं असेल तर बाकीचे ससे धोक्यात. तिने अलिबागच्या पशुवैद्यांना फोन लावला. फोनवर बोलताना तिचा आवाज अगदी सपाट होता. “हो, झोपवावं लागेल असं वाटतंय. नंतर उघडून बघू काय झालंय ते. दुपारी येता?”

नामा बाहेर फरशी पुसत होता. झोपवणं म्हणजे सुई देऊन मारणं, हे त्याला या नोकरीत कळलं होतं. त्याच्या हातातला पोछा खाली पडला. एका क्षणात त्याला सगळं लख्ख दिसलं, खोबऱ्याची वाटीही दिसली आणि आपली नोकरीही. चांदणी गेल्यावर घरात नुसतं भिंतीकडे बघत बसलेला तो माणूस, या सशांनी त्याला पुन्हा उठवून कामाला लावलं होतं. बोललं तर हे सगळं हातचं जाणार. नाही बोललं तर दुपारी शेवंती जाणार. तो बूटसुद्धा न पुसता थेट आत शिरला.

“मॅडम, ती आजारी न्हाय. मीच देला.”

“काय दिलं?”

“खोबरा. वाटीभर.”

मानसीला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि तिचा चेहरा लाल झाला. “काका, मी तुम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, खाणं नाही!”

“खाना नव्हता, बाय,” नामा अगदी मनापासून म्हणाला. “परसाद व्हता.”

ऋत्विक फस्सकन हसला आणि मानसीचं तोंड बघून गप्प झाला. ती खुर्चीत बसली. तिच्या मनात आता वेगळंच आलं होतं. नामाला ती चांगली ओळखून होती. शेवंतीचा जीव वाचत असेल तर हा माणूस खोबरं न देताही दिलं म्हणून सांगेल, वर आईची शपथ घेईल.

“काका, तिला वाचवायला बोलताय का हे?”

“न्हाय वो. खराच देला.”

“मला कसं कळणार?”

नामाने ओट्याकडे बघितलं. वाटी त्याने धुऊन ठेवली होती. शेवटी मानसीनेच मार्ग काढला. रक्त लगेच पुन्हा घेता येत नाही, जनावराला सावरायला वेळ द्यावा लागतो. म्हणून पंधरवडाभर शेवंतीला वेगळ्या खोलीत ठेवायचं, किल्ली ऋत्विककडे, खाणंही तोच मापून घालणार. पंधरा दिवसांनी खरोखर उपाशी ठेवून पुन्हा रक्त घ्यायचं. सिरम निवळ निघालं तर शेवंती ठणठणीत, दोष नामाचा. पुन्हा दुधाळ निघालं तर तिला आजारच आहे.

“मग मात्र माझा इलाज नाही,” मानसी म्हणाली. तिने पशुवैद्यांना नको म्हणून कळवलं आणि मुंबईच्या लोकांना उशीर होईल म्हणून सांगितलं. ते बोलताना तिला फार लाजल्यासारखं झालं. नवी लॅब, पहिलं मोठं काम, आणि सांगायचं काय, तर ससा प्रसाद खाऊन बसला.

ते पंधरा दिवस नामाचं कशात लक्ष लागेना. शेवंतीच्या खोलीला काचेची खिडकी होती. तो झाडू घेऊन दिवसातून दहादा तिथे यायचा. शेवंती आतून त्याच्या खिशाकडे बघायची. ऋत्विकने मापून घातलेलं खाद्य ती नाराजीने खायची. आणि हळूहळू नामाच्या डोक्यात किडा शिरला. खोबरं तर दिलंच होतं, पण त्याशिवाय ती खरंच आजारी असली तर? तो चौलला रामेश्वराच्या देवळात गेला, हात जोडले आणि म्हणाला, देवा, चूक माझीच निघू दे. पुजाऱ्याने चमकून त्याच्याकडे बघितलं. आपण गुन्हेगार ठरावं म्हणून साकडं घालणारा भक्त त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी मानसीने स्वतः शेवंतीसमोरचं खाणं उचललं. नामा खिडकीतून बघत राहिला, मग घरी गेला. ठमाबाईने वालाचं बिरडं केलं होतं, तळलेली मांदेली होती, गरम भाकरी होती. नामाने ताटाकडे बघितलं आणि ताट पुढे सरकवलं.

“भूक न्हाय,” तो म्हणाला.

ठमाबाईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. “अवो, काय झाला तुमाला? डाक्तरला बलवू काय?”

“ती उपाशी हाय तिकरं. मना घास कसा जाईल?”

“कोन उपाशी?”

“शेवंती.”

शेजारच्या खिडकीत उभ्या असलेल्या वहिनीला शेवंती म्हणजे ससा हे माहीत नव्हतं, त्यामुळे पुढे नामाचे काही दिवस फार वाईट गेले, पण तो वेगळा विषय. ठमाबाईला ठाऊक होतं. ती एरवी अशा वेळी नवऱ्याची चांगली टर उडवते. त्या संध्याकाळी तिने ताट झाकलं आणि त्याच्या शेजारी बसून राहिली. तिला त्याची फार माया आली.

सकाळी नामा लॅबवर पोचला तो पडलेल्या चेहऱ्याने. पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडत होती. डोकं हलकं झालं होतं आणि सगळ्या जगाचा राग येत होता. ऋत्विक त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, “काका, तुमची ऑटोफॅजी जोरात दिसतेय.” नामाने त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

शेवंतीला नामानेच धरलं, दुसऱ्या कुणाकडे ती शांत राहिली नसती. मलम लावलं, रक्त घेतलं. मानसी म्हणाली, “खायला इतक्यात नको. गरज पडली तर अजून थेंबभर घ्यावं लागेल.” मग रक्त गोठायची वाट बघणं आलं. नामा शेवंतीच्या पिंजऱ्याला टेकून जमिनीवर बसला. शेवंती जाळीतून नाक काढून त्याची बाही हुंगत होती. पलीकडे यंत्र सुरू झालं, घुमलं, हळू झालं, थांबलं. झाकण उघडल्याचा आवाज आला. नामाला उठायचं धैर्य होईना.

मानसीच नळी घेऊन खोलीत आली. तिने ती खिडकीपाशी धरली. नळीतून पलीकडची माडाची झावळी दिसत होती. सिरम पिवळसर होतं, आणि स्वच्छ निवळ.

“ठणठणीत आहे ती,” मानसी म्हणाली. “काका, दोष तुमचा.”

“व्हय बाय, माजाच!” असं म्हणून नामाने तिथेच डोळ्यांना बाही लावली आणि लहान पोरासारखा रडला. मानसीचेही डोळे भरून आले. ऋत्विकने तोंड फिरवून उगाच नळ्या मोजायला घेतल्या.

पुढे सगळं सुरळीत झालं. अँटिबॉडी गाळून निघाली, तपासली, उपाशी पेशींत तिने आपली रेघ पहिल्यापेक्षाही ठळक दाखवली, आणि बर्फाच्या पेट्या मुंबईला गेल्या. नामाची नोकरी राहिली. मानसीने त्याला तासभर सुनावलं, मग सशांच्या खोलीत नवा फलक लावला: खाणं नाही, प्रसाद नाही, कौतुकाचं काही नाही. सुट्टी मिळाल्यावर शेवंतीला घरी न्यायला नामा हटून बसला होता, तेव्हा मानसीने त्याला कोपरापासून हात जोडले आणि तिला चौलला आपल्याच परसात नेलं. नामा रविवारी भेटायला जातो. आत जाण्याआधी मानसीची आई त्याचे खिसे तपासते.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मानसीने नळी जपून उभी ठेवली आणि म्हणाली, “जा काका. तुमच्या हाताने खायला घाला तिला.”

या शब्दांची नामा पंधरा दिवस वाट बघत होता. तो धावतच गेला. खाद्याचा डबा उघडला, हात आत घातला, ओंजळ भरली. शेवंती जाळीवर पुढचे दोन्ही पाय टेकवून उभी राहिली होती. नामा त्या भरल्या ओंजळीकडे बघत तसाच उभा राहिला. मग त्याने ती डब्यात परत रिकामी केली, वळला, आणि जन्मात कधी कुणाला विचारलं नव्हतं ते मानसीला विचारलं.

“मॅडम, किती घालू?”